गाऱ्हाण्यात ‘नाय’ नसतं

माझी मुलगी बहिरी नाही हे कळायला आमच्या घरात वर्षभर पितळेच्या थाळ्या बडवल्या गेल्या. सासूबाई तिच्या पाठीमागे जाऊन थाळीवर उलथनं आपटायच्या, हे, म्हणजे तिचे वडील, पुढून तिचा चेहरा निरखायचे, आणि मुलगी फरशीच्या एका खपलीवर बोट फिरवत बसायची. वळून बघायची नाही. पण गल्लीच्या तोंडाशी दुधाची गाडी वळली, बाटल्यांची किणकिण अजून मला ऐकूही आलेली नसली, की ही उठून दाराशी उभी. तरी थाळ्या चालूच. शेवटी एक दिवस मी उलथनं हिसकावून घेतलं आणि म्हटलं, “तिला ऐकू येतं. तुमचं ऐकायचं नसतं तिला.” सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. मला जरा बरंच वाटलं.

ही साठीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीला मरोळच्या गावठाणात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. घरमालकीण ख्रिस्ती, इथलीच, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी. मागे थोडी भातशेती, अंगणात कोंबड्या, आणि गल्लीच्या वळणावर जो दगडी क्रूस होता त्याला रोज झेंडूची माळ घालायचं काम तिच्याकडे. सगळे तिला मावशी म्हणत, ती मला टीचर म्हणे. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. हे साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर. माणसं आम्ही कोकणातली. माझे मोठे दीर गिरणीत होते, लालबागला राहत, आणि घरात ते म्हणतील ती पूर्व दिशा.

मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलेना, बघेना, हाक मारली तर येईना. कोणी उचललं तर पाठ ताठ करायची. सासूबाई म्हणाल्या देवाचं काहीतरी राहिलंय. हे म्हणाले डॉक्टर. मी म्हटलं, थोडी शाळेत बसू दे, चार मुलांत राहील. तिघांची तीन तोंडं. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या मुलीने आयुष्यात कुणाला त्रास दिला नाही एवढा आम्ही तिच्या नावाने एकमेकांना दिला.

शेवटी यांचं खरं झालं. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण होते, परदेशी शिकून आलेले. त्यांनी मुलीकडे थोडा वेळ पाहिलं, माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. ‘ऑटिझम’ हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. आता तो कुणालाही माहीत असतो. तेव्हा मला वाटलं एखाद्या औषधाचं नाव असेल. मग प्रश्न सुरू झाले. नोकरी करता? हे मूल हवं होतं का? अंगावर किती पाजलंत? जवळ घेता का? ते म्हणाले, परदेशात यावर बराच अभ्यास झालाय, अशा मुलांच्या आया बहुतेक शिकलेल्या, हुशार आणि मनाने थंड असतात. मूल त्या थंडीला भिऊन आत जाऊन बसतं.

मी विचारलं, “डॉक्टर, तुमच्या आई शिकलेल्या होत्या का हो?”

यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. डॉक्टर हसले, आणि मला वाटतं माझ्या थंडपणाची त्यांची खात्रीच पटली. उपचार सांगितला तो असा: नोकरी सोडा, मुलीला दिवसातून अनेकदा मांडीवर घ्या, घट्ट धरा, ती सुटायला धडपडली तरी सोडू नका. आईची ऊब आत पोचली की मूल बाहेर येईल.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. मी वाट पाहत राहिले की हा माणूस आता म्हणेल, काय वेड्यासारखा बोलला तो डॉक्टर. म्हणाले नाहीत. उतरताना एवढंच म्हणाले, “करून बघायला काय हरकत आहे?” त्या क्षणी मला यांचा जेवढा राग आला तेवढा नंतर कधी आला नाही, आणि नंतर राग यायला कारणं काही कमी झाली नाहीत.

मी बिनपगारी रजा घेतली. रोज दुपारी मुलीला धरून बसायची. ती आधी ताठ व्हायची, मग ओरडायची, मग हातपाय झाडायची, आणि शेवटी दमून गप्प पडायची. आम्ही दोघी घामाने निथळलेल्या. हे कामावरून आले की विचारायचे, “आज काही फरक?” जसं काही मी इडलीचं पीठ आंबायला ठेवलंय. एकदा मावशी कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने आमचा गोंधळ ऐकला आणि दारात येऊन उभी राहिली.

“टीचर, सोड गं तिला. नको आहे ना तिला? मग कशाला धरते?”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टरला सांग, तू येऊन धर. लाथ बसली की कळेल.”

मावशीचं मत पहिल्यापासून सरळ होतं. पोरगी देवाने अशीच पाठवली, अशीच राहू दे. तिला अंगणात सोड, कोंबड्यांत बस म्हणावं, भूक लागली की येईल. तिच्या घरात एक चुलता असाच होता म्हणे, जन्मभर विहिरीच्या काठावर बसून राहिला, कोणी त्याला औषध दिलं नाही आणि कोणी त्याला टाकून बोललं नाही. मला ते ऐकायला बरं वाटायचं. पण विहिरीच्या काठावर बसलेल्या त्या चुलत्याला जेवण कोण वाढत होतं, त्याचे कपडे कोण धूत होतं, हे मावशीने कधी सांगितलं नाही. कुणीतरी बाईच असणार.

वर्ष संपलं, मी पुन्हा शाळेत जाऊ लागले, दुपारी मुलगी सासूबाईंकडे. त्या वर्षी गणपतीला आम्हाला गावी जाता आलं नाही. म्हणून मोठे दीर आमच्याकडे आले आणि म्हणाले, इथेच देवाला गाऱ्हाणं घालू. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे नवस, अडचण, लग्नकार्य, काहीही असलं की घरातला वडीलधारा देवापुढे नारळ ठेवून मोठ्या आवाजात देवाशी बोलतो. एकेक वाक्य लांबवत नेतो, शेवटाला आवाज खाली आणतो, आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!”

मोठे दीर उभे राहिले. आम्ही सगळे हात जोडून मागे. मुलगी, मोठ्या दिरांच्या भाषेत चेडू, खाटेखाली, तिच्या नेहमीच्या जागी.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्यासमोर नारळ ठेवलेलो आसा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या चेडवाची वाचा खय अडकली असात, कोणाची नजर लागली असात, कोणाचा काय चुकला असात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि तेका वाचा दी रे म्हाराजा!”

आम्ही म्हटलं, आणि आमच्या मागून, एक श्वास उशिरा, खाटेखालून आवाज आला. बारीक, स्पष्ट, मोठ्या दिरांच्याच सुरात. “व्हय म्हाराजा.”

पुढे काय झालं ते सांगायला नको. सासूबाई जमिनीवर बसल्या आणि रडू लागल्या. यांनी खाटेखाली वाकून मुलीला ओढून बाहेर काढलं. मोठे दीर एवढे घाबरले की नारळ फोडायचाच राहिला. मी? मीही रडले. देवावर माझा विश्वास तेव्हाही बेताचाच होता, पण त्या घटकेला मी कुणाच्याही पाया पडले असते.

आनंद थोडेच दिवस टिकला. मुलगी बोलू लागली, पण तेवढंच. दुसरं काही नाही. जेवतेस? व्हय म्हाराजा. नको? व्हय म्हाराजा. पाय दुखतो? व्हय म्हाराजा. मी वर्गात चाळीस मुलांचं बोलणं ऐकणारी बाई. मला आठवड्याभरात कळलं की ती शब्दांना उत्तर देत नाही, सुराला देते. आपलं वाक्य उतरलं, आपण थांबलो, की आता आपली पाळी, एवढं तिला समजलं होतं. मला ते मोठं वाटलं. ज्या मुलीला माणसांत यायचंच नाही असं डॉक्टर म्हणाले होते, तिने माणसांत शिरायला एक फट शोधली होती.

पण घरात लढाई जुंपली. सासूबाई म्हणायच्या, “देवान वाचा दिल्यान. आता डाक्टराकडे नेलस तर माझ्याशी गाठ आसा.” हे तरीही घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हे बोलणं नव्हे, पोपटपंची, ही सवय मोडली पाहिजे. मग हे तिने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की जेवणाचं ताट मागे घ्यायचे, सासूबाई पुढे सरकवायच्या. ताट एवढं मागेपुढे व्हायचं की आमटी सांडायची. आणि फडकं घेऊन मीच.

पुढे शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की घाटकोपरला अशा मुलांच्या आईबापांची सभा भरते, रविवारी दुपारी, एका शाळेच्या वर्गात. मी मुलीला घेऊन गेले. आपल्यासारखी माणसं जगात आहेत हे बघून पहिल्या दिवशी मला भरून आलं. दुसऱ्या वेळी कळलं की आपल्यासारखी म्हणजे खरोखरच आपल्यासारखी, भांडकुदळ.

तिथे कडक इस्त्रीची साडी नेसणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा मुलगा मोठा होता, हात सारखे हलवायचा. त्या म्हणायच्या, आमच्या मुलांना दुरुस्त करायची भाषा बंद करा, दुरुस्त व्हायचं ते लोकांनी. त्यांच्यासमोर एक बँकेतले गृहस्थ बसायचे. त्यांचा मुलगा स्वतःचं मनगट चावायचा, रक्त येईपर्यंत. ते म्हणायचे, “बाई, तुमचा हात हलवतो. माझा मुलगा रात्रभर रडतो. त्याला औषध नको म्हणता?” दोघांचंही खरं होतं, हीच तर अडचण. सभेचं नाव काय ठेवायचं, त्यात ‘मतिमंद’ म्हणायचं की नाही, सरकारकडे शाळा मागायची की वसतिगृह, यावर दुपारच्या दुपारी जायच्या. आणि प्रत्येकाचं भाषण संपलं, आवाज उतरला, की मागच्या बाकावरून माझी मुलगी म्हणायची, “व्हय म्हाराजा.”

पहिल्यांदा सगळे हसले. मग इस्त्रीच्या साडीवाल्या बाई म्हणाल्या, “बघा, हिला पटतंय!” बँकवाले म्हणाले, “मलाही म्हणाली ती होय.” पुढे पुढे लोक आपलं बोलणं संपवून खरंच तिच्याकडे बघू लागले. शिकलीसवरलेली माणसं! मी दमून घरी यायची. हळूहळू जाणं बंद केलं. कुणाचं चुकतं म्हणून नव्हे. त्या वर्गातल्या सगळ्यांचं ऐकल्यावरही सोमवारी सकाळी तिच्या केसांतला गुंता तसाच असायचा आणि तो मलाच सोडवायला लागायचा.

मुलगी बारा वर्षांची झाली आणि न्हाती झाली. तिथून घरातली हवा बदलली.

मी शाळेत गेले की ती दुपारची मावशीच्या अंगणात असायची, कारण सासूबाईंना आता गुडघ्यांनी उठवत नसे. दिवाळीनंतर एक दिवस मावशीने फाटक उघडं ठेवलं. तिच्या मते तेही बरोबरच होतं, पोरगी काय कैदी आहे? मी शाळेतून आले तर अंगणात नुसत्या कोंबड्या. आम्ही गाव पालथं घातलं. हे कारखान्यातून धावत आले. विहिरीत गळ टाकून झाला. तो गळ रिकामा वर येताना बघण्याबद्दल मी बोलू शकत नाही.

संध्याकाळच्या आधी एका बाईने वाटेत विचारत विचारत तिला आणून पोचवलं. आरे कॉलनीत सहलीला आलेलं कुटुंब. त्या बाईने सांगितलं ते असं. झाडीतल्या रस्त्यावर एक माणूस या मुलीचा हात धरून चालला होता. मुलगी अनवाणी, माणसाचे बूट चकचकीत, म्हणून बाईला शंका आली. तिने विचारलं तर तो म्हणाला, माझी पुतणी. बाईने मुलीला विचारलं, हे तुझे काका? मुलगी म्हणाली, व्हय म्हाराजा. बाई निघालीच होती. मग काय वाटलं कोण जाणे, वळून तिने विचारलं, आणि मी तुझी आई का गं? मुलगी म्हणाली, व्हय म्हाराजा. एवढ्यात तो माणूस हात सोडून झाडीत गेला.

मी त्या बाईला चहासुद्धा विचारला नाही. सुचलंच नाही. आणि मावशीला त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती ऐकून घेत उभी राहिली, मग क्रुसाकडे गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

त्या दिवसानंतर यांनी ठरवलं. घाटावरच्या एका गावात अशा मुलांची संस्था होती, राहण्याची सोय असलेली. आम्ही जाऊन बघितली. वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. स्वच्छ होती, बायका मायेने बोलत होत्या. जेवणाच्या वेळी मुलं रांगेत हात जोडून बसली, कुणी हूं की चूं केलं नाही, आणि आमची मुलगी त्या रांगेत जाऊन बसलीसुद्धा. हे माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “बघ, इथे बसेल ती,” म्हणाले. मला मात्र त्या शांततेची भीती वाटली. जिथे मुलांनी ‘होय’ म्हणण्यापलीकडे काही म्हणायची गरजच नाही, तिथे ही जन्मभर तेच म्हणत राहील, आणि चकचकीत बुटांची माणसं काय फक्त आरे कॉलनीतच असतात?

पण यांना मी काय सांगणार? “जी मुलगी कुणालाही हो म्हणते,” हे मला म्हणाले, “तिला तू घरात ठेवून शाळेत जाणार? मी कारखान्यात जाणार? आणि आपण मेल्यावर?” मी भांडत राहिले ते निव्वळ जिवाच्या आकांताने.

हा प्रश्न घरातला, म्हणजे मोठ्या दिरांसमोर जायचा. ते आले, यांचं ऐकून घेतलं, माझं ऐकून घेतलं. न्यायी माणूस. सुपारी कातरली, यांच्या बाजूने मान हलवली आणि आमच्या रिवाजाप्रमाणे देवापुढे नारळ ठेवून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा! ह्या चेडू आता परक्या मुलखात जाता, थय तेका सांभाळ रे म्हाराजा!”

सासूबाई म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.” यांनी ओठ हलवले, आवाज निघाला नाही. मी तोंड मिटून उभी होते. आणि खाटेखालून, आता ती तिथे मावत नव्हती, पाय बाहेर यायचे, तिथून स्पष्ट आवाज आला. “व्हय म्हाराजा.”

मोठे दीर वळले. “झाला,” म्हणाले. “तिना सवता म्हटल्यान.”

मला हसू आलं की रडू, आता आठवत नाही. घरात पहिल्यांदा मी मोठ्या दिरांच्या तोंडाकडे बघून बोलले. “भावोजी, आता तिला विचारा, घरात राहशील का?”

त्यांनी विचारलं. व्हय म्हाराजा. त्यांनी विचारलं, समुद्रात जाशील? व्हय म्हाराजा. मग यांच्याकडे बघून म्हणाले, “शिमग्यापर्यंत रवांया. तोपर्यंत ता नाय म्हणाक शिकला, तर रवांदेत घरात. नाय तर तू म्हणतस तसा.” यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पत्र्याची ट्रंक आणून ठेवली मात्र.

मला वाटलं होतं, मी शिक्षिका, एक शब्द शिकवायला कितीसा वेळ लागणार? तिला दुधी आवडत नसे. मी दुधी पुढे करायची, ती ढकलायची, मी म्हणायची, “नाय.” ती म्हणायची, “व्हय म्हाराजा,” आणि ताट ढकलायची. डोक्याला तेल लावायला गेलं की मान काढून घ्यायची, तोंडाने व्हय म्हाराजा. सगळं अंग नाही म्हणत होतं तिचं, जन्मापासून म्हणत होतं, फक्त जिभेला तो शब्द कुणी दिला नव्हता. दिला होता तो उलटा, आम्हीच, नारळ ठेवून.

माघ उजाडला तरी काही होईना. एका दुपारी मी मावशीच्या ओट्यावर जाऊन बसले. भांडणानंतर आम्ही बोलत नव्हतो. मी म्हटलं, “मावशी, ती सुराला बोलते. शब्दाला नाही. मला उत्तर द्यायला एक माणूस हवंय.” मावशीने हात पुसले आणि मुलीशेजारी येऊन बसली.

मग आम्ही उलटं गाऱ्हाणं सुरू केलं. मी मोठ्या दिरांच्या सुरात ओरडायची, “बा म्हाराजा! ह्या पोरीच्या डोक्याला तेल लावू काय रे म्हाराजा!” आणि मावशी, गळ्यात क्रूस, हात जोडून, गल्लीला ऐकू जाईल अशी गरजायची, “नाय म्हाराजा!” मग आम्ही तेल लावायचं नाही, बाटली उचलून आत. “बा म्हाराजा! दुधीची भाजी वाढू काय रे म्हाराजा!” “नाय म्हाराजा!” भाजी आत. कोंबड्या घाबरून पळायच्या. येणारेजाणारे थांबून बघायचे. मुलगी आमच्या दोघींच्या मधून कुठेतरी लांब बघत, जागच्या जागी झुलत असायची.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा घरात आकाश कोसळलं. “देवाक नाय म्हणतास? अवदसा आठवली तुका? गाऱ्हाण्यात नाय नसता! आमच्या सात पिढ्यांनी कधी म्हटल्यानी नाय!”

“म्हणूनच तर ही अशी झाली,” मी म्हटलं. ते खोटं होतं, रागाने तोंडातून गेलं. पण त्यांना लागलं. त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या आणि मी हाक मारली तरी जेवायला उठल्या नाहीत.

शिमगा तोंडावर आला. मुलगी ‘नाय’ म्हणाली नाही. हे ट्रंकेत तिचे फ्रॉक घडी करून ठेवू लागले, स्वतःच्या हाताने, आणि त्यांना घडी नीट घालता येत नसे. मी ती पुन्हा घालत नव्हते. खरं सांगते, मी दमले होते. त्या वेळी कोणी मला म्हणालं असतं की तिला उद्याच पाठव, तर मीही बहुतेक ‘व्हय म्हाराजा’च म्हटलं असतं.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिची वेणी घालत होते. हे ट्रंकेशी. सासूबाई खाटेवर. वेणी झाली, आणि मला एकाएकी वाटलं की उद्यापरवा ही वेणी दुसरं कोणी घालेल. मी तिला मागून दोन्ही हातांनी ओढून घट्ट धरलं. अगदी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं.

तिची पाठ ताठ झाली. ती वळली. माझ्या छातीवर तळवा टेकला, मला हळूच मागे सारलं, आणि म्हणाली, “नाय.”

सूर नव्हता. गाऱ्हाणं नव्हतं. मागे म्हाराजा नव्हता. कुणाचं वाक्य संपायची तिने वाट पाहिली नव्हती.

यांच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं, ते सासूबाईंकडे बघत होते. कारण त्या घरात आता एकच प्रश्न उरला होता, सासूबाईंना हे ‘नाय’ चालेल का, हे त्यांनाही कळलं होतं. सासूबाई उठून बसल्या. गुडघे धरून, हळूहळू. मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“देवाक नाय म्हणाक नाय तिना,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे, तिच्या आईकडे, बोट केलं. “आवशीक म्हटल्यान. आवशीक म्हटला तर चलता.” मग यांच्याकडे वळून, “ती ट्रंक माळ्यार टाक.”

यांनी फ्रॉक बाहेर काढले आणि ट्रंक माळ्यावर टाकली. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. मुलगी घरात राहिली म्हणून रडले. आणि ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून जे बोलली ते मला दूर करण्यासाठी बोलली, म्हणूनही रडले. एकाच वेळी इतकं सुख आणि इतकं दुःख मला पुन्हा कधी झालं नाही.

संध्याकाळी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, “झकास. आता तिचं ऐक.”

मुलगी आता पन्नाशीच्या पुढे आहे. हे गेले, सासूबाई गेल्या, मावशीही. मी तेव्हापासून तिला विचारल्याशिवाय जवळ घेतलं नाही. रोज वेणी झाली की हात पुढे करते आणि विचारते. ती बहुतेक वेळा ‘नाय’ म्हणते. मी हात मागे घेते.